न चढलेला आकडा

२३ ऑक्टोबर

आज लॅबमध्ये नवी मुलगी आली. अर्फा मुलाणी, कोरेगावची. वडील निजामभाई फवारणीचे पंप दुरुस्त करतात, हे तिनं मी न विचारता सांगितलं. वय पंचवीस असेल. सूर्यवंशी सर म्हणाले, "राजेश्वरी मॅडम, ही तुमच्या हाताखाली. सगळं शिकवा हिला."

बरं वाटलं. इतकी वर्षं या पट्टीशी मी एकटीच झुंजतेय. दुपारी तिला समजावून सांगितलं. साखर तपासायची असते ना, तसलीच पट्टी, कार्बनची शाई लावलेली. तिच्यावर एका एन्झाइमचा थेंब वाळवायचा. पट्टी छोट्या यंत्रात घालायची, वर पाण्याचा थेंब टाकायचा आणि मग आपलं द्रावण. एन्झाइम जिवंत असेल तर वीज वाहते, पडद्यावर आकडा चढतो. पाण्यात किडीचं औषध असेल तर ते एन्झाइमला धरून ठेवतं, आकडा चढत नाही. शेतकऱ्याला शेताच्या बांधावर उभं राहून कळावं, द्राक्षात, पाण्यात औषध आहे का, एवढाच सगळा खटाटोप.

"आणि अडचण काय आहे, मॅडम?"

अडचण ही की एन्झाइम चार दिवसांत मरतं. उन्हात तर अर्ध्या दिवसात. आणि मेलेल्या एन्झाइमवरही आकडा चढत नाही. म्हणजे पट्टीला ऊन आणि विष दोन्ही सारखंच.

तिनं मान हलवली. पोरगी चुणचुणीत आहे. नम्रही आहे.

६ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिला दिवस. फराळ नेला होता. अर्फानं चकली खाल्ली, दुसरी घेतली आणि तिसरी हातात धरून म्हणाली, "मॅडम, एन्झाइमबरोबर ती ट्रेहालोज साखर घालून वाळवलं तर? वाळवंटातल्या किड्यांच्या अंगात असते ती. पाणी गेलं तरी ते मरत नाहीत."

मी सांगितलं, साखर मी तीन वर्षांपूर्वीच करून बघितली होती. काही उपयोग झाला नाही.

"कुठली साखर, मॅडम?"

साखर ती साखर. मला जरा लागलंच ते. सर खुर्चीत बसून ऐकत होते. म्हणाले, "करू दे की तिला, मॅडम. पोरांना करून बघायला पाहिजे." मी कुठं नको म्हटलं होतं?

११ नोव्हेंबर

निवडणुकीच्या ड्युटीची ऑर्डर आली. जत. प्रशिक्षणाला जाण्यात दोन दिवस जाणार. अर्फाला ड्युटी नाही, ती प्रोजेक्टवरची. परदेशातून लेकाचा, जयराजचा फोन आला होता, त्यांच्याकडं बर्फ पडायला लागलाय. म्हणाला, तुझा आवाज उतरलाय. मी म्हटलं, घसा बसलाय.

२२ नोव्हेंबर

जतहून काल आले. पाठ मोडून गेली. आज लॅबमध्ये पाऊल टाकलं तर सर माझ्या टेबलाशी उभे, अर्फा माझ्या खुर्चीत, माझ्याच यंत्राच्या पडद्याकडं दोघं बघतायत.

"मॅडम, या या. आपल्या अर्फानं कमाल केली. दिवाळीनंतर बनवलेली पट्टी अजून जिवंत आहे."

आपल्या अर्फानं. मी या लॅबमध्ये आले तेव्हा छपरातून पाणी गळत होतं, यंत्रावर प्लॅस्टिक टाकून काम केलंय मी. मी अजून 'मॅडम'च आहे.

अर्फा उठून उभी राहिली. म्हणाली, "मॅडमच्या जुन्या नोंदी नसत्या तर जमलं नसतं, सर. थेंब किती, तापमान किती, सगळं त्यांचंच आहे." सरांसमोर चांगलं दिसायला बोलली असणार. एवढं गोड बोलणारी माणसं मला नाही आवडत.

घरी आल्यावर भाजी करपली.

३० नोव्हेंबर

पेपरात फोटो आलाय. 'द्राक्षातलं औषध ओळखणारी पट्टी'. मधोमध अर्फा, हातात पट्टी. शेजारी सर. डाव्या कडेला एक कोपर आहे, निळ्या साडीतलं. ते माझं.

शेजारच्या काकू पेपर घेऊन आल्या. "अगं, तुमच्याच कॉलेजचं ना हे? किती लहान आहे गं पोरगी."

अर्फाचा मेसेज आला, 'मॅडम, फोटो नीट कापला नाही त्यांनी, मला खूप वाईट वाटलं.' वाईट वाटलं म्हणे. मी अंगठा पाठवला.

९ डिसेंबर

जानेवारीत तासगावला द्राक्ष बागायतदारांचा मेळावा आहे. सरांना तिथं पट्टी दाखवायचीय. त्याआधी प्रत्यक्ष बागेत चाचणी पाहिजे. सरांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या माहेरी बाग आहे ना?" मी हो म्हटलं. निदान तिथं तरी लोक मला ओळखतात.

दादाला फोन केला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, वीरधवल. तो म्हणाला, "ये की. आईबी तुजी वाट बघत्या. तिला जरा बरं न्हाई. ॲसिडिटी म्हणतोय डॉक्टर. उलट्या हुत्यात अदनंमदनं."

१५ डिसेंबर, रविवार

अर्फाला घेऊन माहेरी गेले होते. सगळं नीट लिहून ठेवते, कारण उद्या सरांपुढं बोलावं लागणार आहे.

दादाची बाग यंदा चांगली धरलीय. पिठ्या ढेकूण दिसतोय म्हणून औषध चालू आहे. आई मळ्यातल्या घरीच राहते, गावातलं घर तिला आवडत नाही. दादा, पूजा वहिनी आणि पोरं पिण्यासाठी पाण्याचा जार आणतात. आई मात्र घराशेजारच्या हौदाचंच पाणी पिते. वहिनीनं माझ्यादेखत जारचा तांब्या तिच्यापुढं धरला तर म्हणाली, "त्येला चव न्हाई बाई. प्लॅस्टिक लागतंय." त्याच हौदातून फवारणीच्या टाकीलाही पाइप जातो. आधीपासून तसंच आहे.

आई वाळलीय. अर्फाला बघून मात्र फुलली. तिला जवळ बसवलं, वेणी सैल झाली म्हणून सोडून पुन्हा घातली. माझी वेणी तिनं शेवटची कधी घातली आठवत नाही. "कुनाची गं तू? कोरेगावची व्हय? आमचं मामा हुतं कोरेगावला." मामा रहिमतपूरला होते, कोरेगावला नव्हते.

मी दादाबरोबर बागेत द्राक्षं काढायला गेले. परत आले तर अर्फा माझी वाटच बघत होती. हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, आजींना अंधुक दिसतंय म्हणे महिनाभर. तोंडाला सारखं पाणी सुटतं. हातपाय फडफडतात. फवारणी झाली की जास्त होतं, असं त्याच म्हणाल्या. तुम्हाला माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. दर रविवारी मी आईला फोन करते. मला ती 'बरी हाय' एवढंच सांगते. आणि तासाभराची ओळख असलेल्या पोरीला सगळं सांगून बसली. मी म्हटलं, "तिला मोतीबिंदू आहे. आणि वय झालंय."

पट्ट्यांचा थर्माकोलचा डबा गाडीत मागच्या सीटवर होता. काचेतून थेट ऊन येत होतं. सावलीत घ्यायला हवा, हे मघाशी दादाबरोबर जाताना माझ्या ध्यानात आलं होतं. मग राहिलं.

द्राक्षांवर आकडे ठीक आले. थोडं औषध, मर्यादेत. मग अर्फानं हौदाचं पाणी घेतलं, कुणी सांगितलं नव्हतं. आकडा चढला नाही. दुसरी पट्टी, तिसरी पट्टी. तिन्हीवर तसाच, खाली पडून राहिलेला. तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, पाण्यात औषध आहे."

मी म्हटलं, "डबा उन्हात होता. पट्ट्या मेल्यात."

तिनं बाटलीबंद पाण्यावर एक पट्टी लावून दाखवली. आकडा नीट चढला, हे खरं आहे. पण एका पट्टीनं काय ठरतं? एक वाचली, तीन मेल्या, असं होऊ शकतं. मी हे तिला शास्त्रीय पद्धतीनंच सांगितलं. ती म्हणाली, "मग निदान वीरधवलदादांना सांगून ठेवूया, तपासणी होईपर्यंत आजींना जारचं पाणी द्या म्हणून."

मी नको म्हटलं. बागेवर औषधाची बोंब झाली की व्यापारी पाय ठेवत नाही. दादाचं वर्षाचं पीक आहे. ज्या पट्टीचा भरवसा नाही तिच्यावरून मी माझ्याच भावाच्या बागेला डाग लावू? अर्फाला हे कळणार नाही. तिच्या घरी पंप दुरुस्त होतात, बाग नाही.

शेवटी ठरलं, एक बाटली भरून सरकारमान्य प्रयोगशाळेत पाठवायची. तिनं बाटली भरली, चिठ्ठी लावली. मी म्हटलं, "माझ्याकडं दे, मी पाठवते."

निघताना आईनं अर्फाच्या हातात शेंगदाण्याचे लाडू दिले. मला डबा आधीच भरून ठेवला होता, पण हातात तिच्या दिले.

१६ डिसेंबर

सरांना सांगितलं. द्राक्षं ठीक, पाण्याच्या चाचणीत पट्ट्या उन्हानं बाद झाल्या. सर गंभीर झाले. "म्हणजे मेळाव्यात ऊन असलं तर?" मी म्हटलं, तोच प्रश्न आहे, सर, मी पहिल्यापासून सांगत होते.

अर्फा खाली मान घालून उभी होती. "सर, पट्ट्या बाद नव्हत्या असं मला वाटतं." सर म्हणाले, "वाटण्यावर विज्ञान चालत नाही, बाळ." सरांचंच वाक्य, मी काही बोलले नाही.

किती दिवसांनी जेवणाला चव लागली.

१९ डिसेंबर

बाटली फ्रीजमध्ये आहे. पाठवायला हवी. आज पेपर तपासायचे गठ्ठे आले.

२३ डिसेंबर

अर्फानं जिन्यात विचारलं, "मॅडम, बाटली पाठवली का?"

मी "हो" म्हटलं.

का म्हटलं कळत नाही. उद्या पाठवणारच आहे, म्हणजे तसं खोटं नाही. तिच्या विचारण्यात तो सूर होता, पोलीस विचारतात तसा. कदाचित नसेलही. "बरं झालं," म्हणाली ती. "मला झोप लागत नव्हती."

तिनं नव्यानं पट्ट्या केल्यात, उन्हात दिवसभर ठेवून बघतेय. टिकतायत. सर पुन्हा तिच्या टेबलाशी.

२९ डिसेंबर, रविवार

आईला फोन केला. बोलताना जीभ जड वाटली तिची. मी विचारलं, काय होतंय? "काय न्हाई गं. घाम लय येतुया, थंडीचा." मग म्हणाली, "ती तुजी पोरगी कशी हाय? तिचा फोन आल्ता परवा. जारचं पाणी प्या म्हनत हुती. लय मायाळू हाय."

म्हणजे तिनं माझ्या आईचा नंबर घेतलाय. मला न विचारता परस्पर फोन करते, माझा निर्णय डावलून. मी आईला म्हटलं, "तिचं काही ऐकू नको. अजून शिकतेय ती."

"बरं," आई म्हणाली. "तसंबी त्या पाण्याला चव न्हाई."

६ जानेवारी

सकाळी दादाचा फोन. आई अंगणात कोसळली. तोंडातून फेस, कपडे घाण झालेले, श्वास घरघरतोय. काल बागेत फवारणी झाली होती. गाडीत घालून सांगलीला आणलं. मी पोचले तेव्हा आत नेलं होतं.

डॉक्टर बाहेर आले. "औषध कधी घेतलंय यांनी?"

दादाला वाटलं गोळ्यांबद्दल विचारतायत. म्हणाला, ॲसिडिटीची चालू हाय. डॉक्टर म्हणाले, "ते नाही. फवारणीचं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात. यांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज जवळजवळ संपलंय."

कोलिनेस्टरेज. मी रोज सकाळी त्याचाच थेंब पट्टीवर ठेवते.

डॉक्टर पुढं बोलत होते, विषावरचा उतारा म्हणून ॲट्रोपिन चालू केलंय, नळी घालावी लागेल, पोलिसांना कळवावं लागतं. मला ऐकू येत होतं पण मी भिंतीला टेकले होते. वहिनी म्हणाली, "ताई, पानी आनू का?"

हौदाच्या पाण्याचं मी सांगितलं नाही. कुणालाच नाही.

७ जानेवारी

गावातली माणसं येऊन जातायत. व्हरांड्यात बोलणं चालतं आणि मी आले की थांबतं. राहीबाई काकी मात्र मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सून जारचं पानी पिती अन् म्हातारीला हौदाचं. कवाधरनं बघतुया आमी. आता औषध पोटात कसं गेलं, तू शिकल्याली हायस, तूच इचार कर."

वहिनी कोपऱ्यात बसून आहे. कालपासून तिनं तोंडात काही घातलेलं नाही.

दुपारी अर्फाचा फोन आला. ती रडत होती. "मॅडम, आजींचं कळलं. पाण्याचा रिपोर्ट आला असेल ना? डॉक्टरांना दाखवा, त्यांना कुठलं औषध ते कळेल. मी येऊ का घेऊन?"

मी म्हटलं, बघते.

इथं खरं लिहिते. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं, तर रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून सांगावं. बाटली ओतून टाकावी. कुणाला कळणार होतं? मग औषध कुठून आलं, हा प्रश्न वहिनीकडं गेला असता. मला हेही कळत होतं. तरी तो विचार मी लगेच झटकला नाही. जिन्यात उभी राहून किती तरी वेळ तो धरून बसले.

संध्याकाळी हवालदार आले. दादाचा जबाब झाला. मग त्यांनी वहिनीला बोलावलं. "म्हातारीला पाणी कोण देतं? घरात भांडणं व्हायची का? औषधाच्या बाटल्या कुठं ठेवता?" वहिनी उत्तर देईना, नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ते म्हणाले, "हितं बोलत नसाल तर चौकीला यावं लागंल बाई." दादा मान खाली घालून उभा होता. तो एक शब्द बोलला नाही, आणि वहिनीनं त्याच्याकडं ज्या नजरेनं बघितलं ते मी बघितलं.

मी पुढं झाले. म्हटलं, "त्यांनी काही केलेलं नाही. हौदाच्या पाण्यात औषध आहे. मला तीन आठवड्यांपासून माहीत आहे."

हवालदार म्हणाले, "माहीत म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. पट्ट्या, डबा, बाटली. बाटली माझ्या घरी फ्रीजमध्ये आहे हेही. बोलताना माझा आवाज वर्गात शिकवताना असतो तसा निघत होता, त्याचीच मला लाज वाटली. दादानं मध्येच विचारलं, "मग सांगितलं का न्हाईस?"

मी म्हटलं, तुझ्या बागेचं नाव खराब होईल म्हणून.

"माज्या बागेचं," दादा म्हणाला. बस्स, एवढंच. आणि वॉर्डाच्या दाराकडं तोंड करून उभा राहिला.

वहिनी उठून माझ्यासमोर आली. "आवं ताई, एक फोन करायचा हुता. मी ओतून दिलं असतं सगळं पानी."

९ जानेवारी

काल सर आणि अर्फा दोघं मळ्यात जाऊन आले. बाटलीतलं पाणी तपासलं, हौदातलं तपासलं. प्रयोगशाळेतही पाठवलं, यावेळी सरांनी स्वतः. पट्टीनं जे सांगितलं होतं तेच निघणार यात कुणालाच शंका नाही. कारणही सापडलं. हौदातून मोटरनं पाणी फवारणीच्या टाकीत चढवतात, पाइपाचं टोक टाकीतल्या औषधात बुडालेलं असतं. मोटर बंद केली की टाकीतलं औषध पाइपातून उलटं हौदात यायचं. दर फवारणीला थोडं थोडं. दादाला हे सांगितलं तेव्हा तो हौदाच्या कठड्यावर बसून राहिला म्हणे.

आज आईनं डोळे उघडले. नळी काढली. मला ओळखलं. डॉक्टर म्हणतात, वाचल्या.

अर्फा भेटायला आली. व्हरांड्यात आम्ही दोघीच होतो. मी माफी मागायला सुरुवात केली, पण तिनं ऐकून घेतलं नाही.

"तुम्ही हो म्हणालात म्हणून मी दुसरी बाटली भरली नाही, मॅडम. नाहीतर मी स्वतः गेले असते. एसटीनं गेले असते."

"मला माहीत आहे."

"का केलंत पण? आजी तुमची आई आहे."

मी म्हटलं, मला तुझा हेवा वाटत होता.

तिला खरंच कळलं नसावं. "माझा?" म्हणाली. "मी तर तुमचा तो जुना रिसर्च पेपर वाचून इथं आले. अब्बांचे हात थरथरतात, औषधाच्या पंपात आयुष्य गेलं त्यांचं. कोरेगावात बसून मी तुमचं नाव शोधलं होतं." मग ओढणी सावरून म्हणाली, "मी सरांना सांगितलंय. तुमच्याबरोबर नाही काम करणार मी."

ती आत आईकडं गेली. मी बाहेरच बसले. आतून आईचा घोगरा आवाज येत होता, आणि अर्फाचं हसू. मला तेव्हाही टोचलं. सगळं एवढं होऊनही टोचलं. हे मी कुणाला सांगू शकणार नाही, म्हणून इथं.

१४ जानेवारी

संक्रांत. वहिनीनं सगळ्या नात्यात तिळगूळ वाटला. मला दिला नाही. बरोबर आहे तिचं.

सर म्हणाले, मेळाव्यात तुमच्या आईची गोष्ट सांगितली तर लोकांना पट्टीचं महत्त्व पटेल. नाव नको घालायला. मी म्हटलं, सांगायची तर पूर्ण सांगा, पट्टी खरं बोलत होती आणि मी तिला खोटं पाडलं, हे पण. सर म्हणाले, "बघू." मी प्रोजेक्टमधून बाहेर पडत असल्याचं लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, आणि थांबा असं म्हटलं नाही.

जयराजला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आजीजवळ जाऊन राहा."

२१ जानेवारी

पंधरवड्याची रजा टाकून मळ्यात आलेय. आईला उठवते, बसवते, न्हाऊ घालते. अशक्तपणा खूप आहे, चालताना पाय लटपटतात. डॉक्टर म्हणाले, हे काही महिने राहील.

मी तिला स्वतःच सांगितलं. तोवर तिला दादानं काही कळू दिलं नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली होती, मी पाय चेपत होते. सगळं ऐकल्यावर तिनं पाय आखडून घेतला नाही. एवढंच म्हणाली, "त्या पोरीनं फोनवर सांगितलं हुतं. मीच म्हनलं, माज्या लेकीला जास्त कळतंय."

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

२ फेब्रुवारी, रविवार

हौद रिकामा करून, घासून, चुना लावून दोनदा धुतला. दादानं फवारणीसाठी वेगळी टाकी बसवली, तिला हौदातून पाइपच नाही. चार दिवसांपूर्वी नवं पाणी भरलं. परवा नमुना मी स्वतः मिरजेला नेऊन दिला होता आणि थांबून निकाल घेऊन आले. पाणी स्वच्छ आहे. कागद दादाला दाखवला, त्यानं वाचला आणि वहिनीकडं दिला. वहिनीनं परत माझ्याकडं.

आईनं गेल्या महिन्यात जारच्या पाण्याबद्दल एकदाही तक्रार केलेली नाही. आज मी हौदाच्या नळाखाली तांब्या धरला, भरला आणि तिच्याकडं नेला. म्हटलं, "आई, आता चालतंय. घे."

तिनं तांब्या हातात घेतला. प्यायली नाही. मांडीवर ठेवून म्हणाली, "ती यायची हाय न्हवं आज?"

अर्फा अकराच्या एसटीनं आली. माझ्याशी 'नमस्कार मॅडम' एवढंच. पायरीवर बसून तिनं यंत्र काढलं, पट्टी लावली, तांब्यातल्या पाण्याचा थेंब टाकला. दादा, वहिनी, पोरं सगळी भोवती वाकून. मी मागं, दाराच्या चौकटीत. तिथून पडदा दिसत नव्हता. अर्फाच्या चेहऱ्यावरून कळत होतं, पण मला आकडा बघायचा होता, आणि पुढं जायचं धाडस होईना.

"चढला," अर्फा म्हणाली. "प्या आजी."

आईनं तांब्या दोन्ही हातांनी उचलला, हात थरथरत होते. अर्फानं खालून आधार दिला. आई सगळं पाणी प्यायली, मध्ये न थांबता, आणि पदरानं तोंड पुसलं.

मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. अर्फाला साखर किती लागते मला ठाऊक नव्हतं. अडीच महिने एका टेबलावर काम केलं आणि विचारलं नव्हतं. बाहेर येऊन विचारलं.

ती म्हणाली, "कमी."